निष्क्रिय संघाच्या दोषनिर्णयाची रीत
(परभणी जिल्ह्यातील क्रीडारसिकांच्या उपयोगार्थ)

आपला संघ लिलावाच्या दिवशी स्वस्थ बसला, हंगामभर हरला आणि पुढील साली पुन्हा स्वस्थ बसला, तर त्याचा दोष मालकाच्या माथी मारावा की कारभाऱ्यांच्या, हा प्रश्न परभणीच्या स्टेशन रोडवर रात्री उशिरापर्यंत चर्चिला जातो खरा. परंतु त्या चर्चेस कसलाही कायदा लागू नसल्यामुळे निकाल बहुधा ज्याचा घसा दणकट त्याच्याच बाजूने लागतो. ही बेबंदशाही संपुष्टात यावी, एवढ्याच हेतूने प्रस्तुत मार्गदर्शन सादर केले आहे. इतक्या दूरच्या जिल्ह्यास असला न्यायनिवाडा करण्याचा अधिकार कोणी दिला, असे कोणी विचारल्यास, मुंबई आणि विदर्भ वगळता उरलेला सारा मुलूख महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अमलाखाली असल्यामुळे परभणीकर हा पुण्याच्या संघाचा जन्मजात हकदार ठरतो, असे शांतपणे सांगावे. आणि तेवढ्यानेही समाधान न झाल्यास ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही सनद पुढे करावी, म्हणजे वाद तेथेच मिटतो.

अभ्यासासाठी प्रकरण निवडावे ते दफ्तरी दाखल होऊन कायमचे निकालात निघालेले. कारण चालू प्रकरणात संघ एखादे वेळी अवचित जिंकतो आणि जमवलेला सारा पुरावा नासतो. या दृष्टीने आयपीएलमधील पुणे वॉरियर्सइतके उत्तम प्रकरण दुसरे नाही. मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने हा संघ ३७ कोटी डॉलरांना, म्हणजे सुमारे १,७०२ कोटी रुपयांना घेतला. त्यानंतर २०११ मध्ये त्याने चार सामने जिंकले, २०१२ मध्ये चार आणि २०१३ मध्येही चारच. कर्णधार बदलले, प्रशिक्षक बदलले, घरचे मैदान नवी मुंबईहून गहुंजे येथे आले, पण विजयांच्या संख्येत तीन वर्षांत एका अंकाचाही फरक पडला नाही. असे सातत्य जमाबंदीच्या कागदांतही क्वचितच आढळते, आणि ज्याच्या नजरेस ते आले त्याने दोषनिर्णयाची पहिली पायरी ओलांडली असे समजावे.

दुसरी पायरी लिलावाची. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी, म्हणजे परभणीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसाचे दिवस असताना, बंगळुरूस खेळाडूंचा लिलाव भरला आणि त्याच सकाळी सहाराने भारतीय संघाचे प्रायोजकत्व सोडल्याचे जाहीर करून या लिलावाकडेही पाठ फिरवली. आता येथे नवशिका परीक्षक हमखास फसतो. तो प्रशिक्षकाची अक्कल काढतो. त्याने प्रथम मानवतच्या कापूस बाजारात एक दिवस घालवावा. तेथे शेठने बोली लावण्याचे ठरवले आणि मुनिमाने भाव चुकवला, तर ती मुनिमाची चूक. परंतु शेठ पेढीला कुलूप लावून गावी निघून गेला असता मुनिमाला कापसाची पारख नाही अशी तक्रार जो करतो, त्याला आडतदार चहादेखील विचारीत नाहीत.

तथापि, न्यायासनावर बसणाऱ्याने मालकाची कैफियत ऐकल्याविना शेरा मारू नये. ती कैफियत मुख्यतः दोन कलमांची होती. बोली लावताना वर्षाला ९४ सामने होतील असे गृहीत होते, प्रत्यक्षात ७४ झाले. आणि कर्करोगावरील उपचारांसाठी परदेशी गेलेल्या युवराजसिंगाची रक्कम लिलावाच्या तिजोरीत वाढवून मिळावी, ही मागणी भारतीय क्रिकेट मंडळाने नामंजूर केली. माझ्या मते दोन्ही कलमांत तथ्य आहे, आणि दुसरे तर कोणत्याही सहृदय माणसास पटावे असे आहे. मात्र तक्रार वाजवी असल्याने रुसवाही वाजवी ठरत नाही. त्याच महिन्यात समेट झाला. लिलाव तेवढा परत भरला नाही, आणि त्या साली संघ नवांत नववा आला.

तिसरी पायरी म्हणजे बडतर्फीच्या हुकुमांची तपासणी. २०११ मध्ये युवराजसिंग कर्णधार होता, २०१२ मध्ये सौरव गांगुली हा कर्णधार व मार्गदर्शक अशा दुहेरी हुद्द्यावर आला, २०१३ मध्ये अँजेलो मॅथ्यूज आणि त्याच्यामागून ॲरन फिंच. ज्याला काढता येते त्यालाच दोषी ठरवणे सोयीचे असते, हे ध्यानी ठेवून या यादीत ज्याचे नाव एकदाही येत नाही त्याच्याकडे बोट दाखवावे. अमेरिकेत ओकलंडच्या बेसबॉल संघाच्या चाहत्यांनी हाच मार्ग पत्करला: ओस पडणारे स्टेडियम त्यांनी जून २०२३ मधील एका रात्री मुद्दाम भरवले, प्रशिक्षकाला दूषण न देता मालकानेच संघ विकावा असा घोष केला, आणि मालकाने त्याची दखल एवढीच घेतली की २०२४च्या हंगामानंतर संघच गावातून हलवला. परभणीकरांनी घोषणा देण्यापूर्वी हा परिणाम विचारात घ्यावा.

पुण्यात मालकाला हटवण्याचे काम चाहत्यांना करावे लागले नाही. मे २०१३ मध्ये मंडळाने बँक हमी वटवली, सहाराने माघार जाहीर केली आणि ऑक्टोबरात मंडळाने करारच रद्द केला. पुढे २०१६ मध्ये संजीव गोएंका यांचा दोन वर्षांच्या मुदतीचा संघ पुण्यास लाभला. या मालकाने एका हंगामानंतर महेंद्रसिंग धोनीचे कर्णधारपद काढून ते स्टीव्ह स्मिथला दिले, संघाच्या नावाचे शेवटचे अक्षरही उडवले, आणि २१ मे २०१७ रोजी हैदराबादेस अंतिम सामना एका धावेने गमावून मुदत संपताच दप्तर आवरले. हे प्रकरण अतिसक्रियतेच्या सदरात मोडत असल्यामुळे त्यास वरील रीत लागू होत नाही. त्याची फिर्याद निराळ्या कागदावर लिहावी.