चार बोटं

प्रत्येक वाडीत एक असतोच. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात ठाऊक नाही, आमच्या नागावात नाना म्हणतात. थळच्या खत कारखान्यातून निवृत्त, नारळ-पोफळीची वाडी, गुडघे कुरकुरणारे आणि गाडी दोन इंच उचललेली. टायर मात्र अजून ठरायचे आहेत. गाडी उचलून झाली त्याला दोन पावसाळे लोटले, टायर अजून ठरायचेच आहेत.

नानांची ओळख पटवायला फार वेळ लागत नाही. समोर कुठलीही गाडी उभी दिसली की ते तिच्या चाकाशी वाकतात आणि टायर नि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत उजव्या हाताची चार बोटं आडवी सरकवतात. मग मान हलवतात. चौलला लग्नात नवरदेवाची सजवलेली गाडी मांडवाशी आली. करवल्या आरतीचं ताट घेऊन पुढे, आणि झेंडूच्या माळेखालून नानांचा हात चाकात. मांडव्याला रो-रो बोटीच्या रांगेत मुंबईकरांच्या गाड्या उभ्या असतात, तिथे तर ते प्रसाद वाटत असल्यासारखे एकेका गाडीशी थांबत जातात. आतल्या बाईंना वाटतं हवा सोडतोय, त्या काच खाली करून ओरडतात. नाना शांतपणे सांगतात, "तुमचं बोटभरच आहे हो. जपून न्या."

एकदा आम्ही भेटीला गेलो होतो. दहावा झालेला, घरात कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. नाना पाणी प्यायला म्हणून उठले ते आलेच नाहीत. बाहेर पाहतो तर मयताच्या जावयाच्या नव्या गाडीपाशी उकिडवे बसलेले. जावईही शेजारी उकिडवा. दोघांचे चेहरे इतके गंभीर, की येणारा-जाणारा आधी त्यांचंच सांत्वन करत होता.

मूळ दुखणं असं. नानांची गाडी थार. कंपनीतून आली तेव्हा तिच्या फटीत त्यांची चार बोटं नेमकी बसायची. स्प्रिंगांना स्पेसर घालून गाडी उचलली आणि फट झाली सात बोटांची. शिमग्यातल्या संकासुराला शाळेचे कॅनव्हास बूट घातल्यासारखी ती गाडी दिसायला लागली. शिवाय लिफ्टने बॉडी वर जाते, मागचा डिफरन्शियल होता तिथेच राहतो. दगड लागतो तो त्याला. त्याला वर नेतो तो फक्त मोठा टायर. इथपर्यंत नानांचं बरोबर आहे, आणि पंचाईत तिथूनच सुरू होते.

मूळ टायर 245/75 आर 16. यातला पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा व्यास, तो इंचात. एका ओळीत तीन मापं कोंबणाऱ्या माणसाला नाना मनोमन मानतात. त्यांच्या मनात भरलाय 265/75. त्याचा व्यास 30 मिलिमीटरनं जास्त, पण निम्मा वाढतो वरच्या बाजूला, म्हणजे डिफरन्शियल उचलला जाणार 15 मिलिमीटर. "बोटभरसुद्धा नाही," नाना खेदानं म्हणतात. शिवाय चाक मोठं झालं की काटा 100 दाखवत असताना गाडी खरी 104 ला धावते. वडखळ-अलिबाग रस्त्यावर 100 चा काटा पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय, पण नानांना त्या वरच्या चाराची काळजी लागून राहते.

मग ऑफसेट. रिमची मध्यरेषा आणि नट आवळायची बैठक यांच्यातलं अंतर कमी घेतलं तर चाक बाहेर येतं, रुबाब वाढतो, पण बेअरिंगवर ताण येतो आणि चिखल थेट दारावर. आहे तसं ठेवलं तर रुंद टायर पूर्ण वळणावर आतून घासण्याची भीती, आणि आमच्या नागावात दोन गडग्यांमधल्या बोळात पूर्ण वळणाशिवाय घरी पोचताच येत नाही. वर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, मूळ रचनेत फेरफार नको म्हणणारं. सर्वोच्च न्यायालयानं 2019 साली ते पुन्हा बजावलं. म्हणून पेणच्या आरटीओचं नाव निघालं की नाना गाडी पोफळींच्या आड नेऊन लावतात.

"पण वाळूवर घालायला बरी," असं त्यांना म्हणून बघा. दोन इंच उचललेली, फोर व्हील ड्राइव्हची ही गाडी आजतागायत किनाऱ्यावर उतरलेली नाही. खाऱ्या पाण्यानं चासी खाल्ली तर? शनिवार-रविवारी येणारे हौशी मात्र थेट लाटांत घालतात आणि रुततात. 2024 च्या डिसेंबरअखेर रेवदंड्याच्या वाळूत तर फेरारी रुतली. तिला दोर लावून बैलगाडीनं बाहेर काढलं आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. नानांनी तो आम्हाला थांबवून थांबवून दाखवला. "वाळूत नक्षी नाही चालत, हवा चालते. पंधरा-अठरावर आणायची, टायर पसरतो, वर तरंगतो. मड टायर घालाल तर खड्डा खणून खाली जाल." कुणीतरी विचारलं, "नाना, बैलगाडीच्या चाकात हवा किती असते?" नानांनी फोन खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी ते शर्यतीच्या एका गाडीवाल्याच्या अंगणात सापडले. लाकडी चाक, आरे, तुंबा, वरून लोखंडी धाव. चार बोटं पुढे आलेली, आणि वर मडगार्डच नसल्यानं अधांतरी थांबलेली. गाडीवाला कडबा टाकता टाकता म्हणाला, "चाक काय बघताय नाना, बैल बघा."

रुतलेल्यांना शिव्या घालण्यात नानांचा हात कुणी धरणार नाही. तरी संध्याकाळी किनाऱ्यावरून हाक आली की ताट बाजूला सारून निघणारेही तेच. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमी असेल तर सहा. मग पर्यटकाला दटावून टायरांतली हवा सोडायला लावतात, स्वतःची थार वर डांबरावर उभी करून लांब दोर टाकतात. पैसे घेत नाहीत. भाषण देतात. काहींना पैसे परवडले असते.

या वेडाचं मूळ त्यांनी एकदाच सांगितलं, तेही धड नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. त्यांची ताई दिवेआगरला. वीज गेली, फोन गेले, दक्षिणेकडच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. नाना तेव्हाची छोटी गाडी घेऊन निघाले. म्हसळ्याच्या पुढे रस्त्यावर एक पोफळ आडवी. गाडी तिच्यावरून जाईना. "एवढंच कमी पडलं," म्हणून त्यांनी बोटं दाखवली. चार. पुढे चालत गेले. ताई धड होती, छप्पर नव्हतं.

खरं तर पोफळीच्या पुढे आंबा पडला असेल, फणस पडला असेल, आणि रस्ते मोकळे केले ते गावच्या माणसांनी कोयते नि करवती चालवून. हे नानांना कळत नाही थोडंच? पण 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार बाजारात आली आणि त्यांनी वाडीतला एक तुकडा विकला. जुन्या गाडीचा क्लिअरन्स 170, चार बोटं म्हणजे 75, बेरीज 245. थारचा कागदावर 226, मोठ्या टायरचे 15, झाले 241. चार मिलिमीटर कमी पडतात. टायर का ठरत नाहीत, ते तेव्हा मला कळलं. डिकीत करवत असते, तिच्याबद्दल ते बोलत नाहीत.

गणपतीला ताई येते. सत्तरीची बाई, नऊवारी, आणि गाडीचं दार तिच्या छातीशी. नाना डिकीतून देवघरातला पाट काढून दाराशी मांडतात. मी म्हटलं, "नाना, सरळ फूटस्टेप बसवा की."

"क्लिअरन्स जातो," नाना म्हणाले.

ताई पाटावर उभी राहून आत बघत होती. "एवढी उंच कशाला रे केलीस मेल्या? खाली उतरव तिला."