ब्रिटन बाहेर, बोईसर बेजार

23 जून 2016 रोजी ब्रिटिश जनतेने 51.9 विरुद्ध 48.1 टक्के असा कौल देऊन युरोपीय संघाला रामराम ठोकायचे ठरवले, तेव्हा पालघर जिल्ह्यातल्या बोईसरमध्ये कुणाचे मत विचारले गेले नाही. विचारायला हवे होते. ब्रुसेल्सच्या बाबूंपासून सुटका हे संघ सोडण्याच्या चळवळीचे मोठे आश्वासन होते. सुटका झाली, पण बाबूंचे कागद कुठे तरी जाणारच होते. त्यांतले बरेचसे बोईसरच्या तारापूर एमआयडीसीतल्या रंग-रसायनांच्या कारखान्यांत, निर्यात विभागाच्या टेबलावर येऊन पडले.

प्रकरण असे आहे. युरोपात वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त रसायन पाठवायचे तर 2007 पासून 'रीच' नावाच्या कायद्याखाली नोंदणी लागते. त्या पदार्थाने कातडी चुरचुरते का, डोळ्यांची आग होते का, आणि माल जरा जास्त असला तर पाण्यात गेल्यावर मासे मरतात का, याची परीक्षणे करून सगळे दप्तर हेलसिंकीच्या युरोपीय रसायन संस्थेला सादर करायचे. संघाबाहेरच्या कारखानदाराला तिथे थेट उभे राहता येत नाही. संघात राहणारा एक अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. ज्यांनी हा प्रतिनिधी ब्रिटनमध्ये नेमला होता त्यांची मोठी मौज झाली. 31 डिसेंबर 2020 च्या रात्री तो युरोपीय म्हणून झोपला आणि सकाळी परका होऊन उठला. त्याची नेमणूक बाद. नवा प्रतिनिधी शोधा, डब्लिनला किंवा ॲमस्टरडॅमला, फी वेगळी.

मग मुक्त ब्रिटनने काय केले? तोच कायदा उतरवून काढला. नावही तेच ठेवले, फक्त पुढे 'यूके' लावले. म्हणजे तेच पिंप, तेच रसायन, तीच परीक्षणे, पण आता हेलसिंकीला एक अर्ज आणि ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाला दुसरा. परीक्षणांची माहिती हेलसिंकीच्या संगणकात होतीच. पण संघ सोडताना त्या माहितीवरचा हक्कही ब्रिटनने सोडला होता. तेव्हा उद्योगांनी ती माहिती पुन्हा विकत घेऊन पुन्हा सादर करावी, असे ठरले. याचा खर्च ब्रिटिश सरकारनेच काढला तेव्हा तो 2 अब्ज पौंडांच्या घरात गेला. आकडा पाहून सरकारलाच घाम फुटला. 2023, 2025 आणि 2027 या मुदती 2026, 2028 आणि 2030 वर ढकलण्यात आल्या. मुदतवाढ ही आपल्याकडची खास कला, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो दुरुस्त करून घ्यावा.

उत्तर आयर्लंडची गोष्ट आणखी न्यारी. तो भाग ब्रिटनचा, पण तिथे 'रीच' युरोपचेच चालते. म्हणजे बोईसरहून निघालेले पिंप लिव्हरपूलला उतरले तर एक कायदा आणि समुद्र ओलांडून बेलफास्टला गेले तर दुसरा. राजा मात्र एकच.

पोलाद आणि तारांचे कारखानदार हे ऐकून हसत होते. त्यांचीही पाळी आली. युरोपने आयात पोलादावर कार्बन आकार लावला. त्याची तालीम ऑक्टोबर 2023 पासून सुरू होती आणि 1 जानेवारी 2026 पासून खरी आकारणी ठरली. ब्रिटन तर स्वतंत्र देश. त्याने स्वतःचा वेगळा कार्बन आकार आणला, जानेवारी 2027 पासूनचा. मग मे 2025 मध्ये दोघांनी बसून, आपल्या कार्बन बाजारपेठा एकमेकींना जोडाव्यात असे ठरवले. बाहेर पडायचे, वेगळे नियम करायचे आणि मग ते जुळवायला समिती नेमायची, हा क्रम महाराष्ट्रातल्या वाचकाला नवा वाटू नये.

राजकारणाची बाजू त्याहून रंगतदार. एप्रिल 2022 मध्ये बोरिस जॉन्सन दिल्लीत येऊन भारताशी मुक्त व्यापार करार दिवाळीपर्यंत करू, असे सांगून गेले. दिवाळी आली. तोवर जॉन्सन गेले होते, त्यांच्यामागून आलेल्या लिझ ट्रसही पदावर दिवसांची पन्नाशी न गाठता राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या होत्या, आणि ऐन 24 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ऋषी सुनक पक्षाचे नेते निवडले गेले. करार काही झाला नाही. तो 24 जुलै 2025 रोजी, कीर स्टार्मर यांच्या काळात, झाला. 2016 पासूनचे ते सहावे पंतप्रधान. या कराराने ब्रिटनच्या उत्पन्नात दीर्घ मुदतीत 0.13 टक्क्याची भर पडेल, असा तिथल्या सरकारचा हिशेब आहे. संघ सोडल्यामुळे उत्पादकता दीर्घ मुदतीत 4 टक्क्यांनी कमी राहील, असा अंदाज तिथल्याच अर्थसंकल्पावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाने दिला आहे. वजाबाकी वाचकांनी करावी. स्कॉचवरची 150 टक्के जकात करार लागू होताच 75 वर आणि दहाव्या वर्षी 40 वर आणायची, असे त्यात ठरले. बोईसरकरांना दमण जवळ असल्याने इतकी वाट पाहण्याची सवय नाही.

ब्रिटनला काहीच मिळाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मे 2014 मध्ये युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंबा आणि वांगी, अळू, कारली, पडवळ यांच्यावर बंदी घातली, तेव्हा लंडनमधल्या देशी दुकानदारांना ब्रुसेल्सकडे डोळे लावून बसावे लागले. आता कारल्याच्या बाबतीत ब्रिटन सार्वभौम आहे. जून 2021 मध्ये तर पालघर जिल्ह्यातला, भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू थेट ब्रिटनला रवाना झाला. थेट म्हणजे, आधी शेजारच्या गुजरातेत तापी जिल्ह्यातल्या पॅकहाऊसमध्ये जाऊन. सार्वभौमत्वाच्या अशा बारीकसारीक अडचणी सगळीकडेच असतात.

बाहेर पडण्याचा पालघरला स्वतःचाही अनुभव आहे. 2011 च्या जनगणनेत ठाणे हा एक कोटी दहा लाख लोकसंख्येचा, देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता. 1 ऑगस्ट 2014 रोजी त्यातून आठ तालुके घेऊन पालघर वेगळा झाला. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला ठाण्यापर्यंतचे हेलपाटे वाचावेत, हा हेतू रास्तच. पण मुख्यालयाची इमारत उद्घाटनाला तयार व्हायला ऑगस्ट 2021 उजाडले. आज याच जिल्ह्यात असलेली वसई-विरार महापालिका 2009 मध्ये झाली आणि बाहेर पडायला निघालेल्या गावांनी मोठे आंदोलन उभे केले. सरकारने 2011 मध्ये 29 गावे वगळलीही. प्रकरण कोर्टात गेले, वर्षे गेली आणि 2024 मध्ये सरकारने गावे पालिकेतच ठेवायचे ठरवले. युरोपला निदान निघायच्या वाटेचे कलम तरी होते.

मासेमारांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. आपले समुद्र आपल्याला परत मिळतील म्हणून ब्रिटिश कोळ्यांनी हिरिरीने मते दिली होती. मे 2025 च्या समझोत्यात त्याच समुद्रात युरोपच्या बोटींना 2038 पर्यंत मुभा मिळाली. सातपाटी-डहाणू आणि वसई-उत्तन यांच्यातला कवींचा, म्हणजे जाळी बांधायला समुद्रात रोवलेल्या खुंटांचा, वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना समुद्रात रेघ ओढणे म्हणजे काय, हे कुणी सांगायला नको.

एक गोष्ट मात्र या सगळ्या दप्तरात राहून गेली आहे. लंडनला जाणाऱ्या पिंपातले रसायन पाण्यात मिसळले तर माशांचे काय होईल, हे हेलसिंकीला ठाऊक आहे, ब्रिटनच्या कार्यालयालाही कधी ना कधी ठाऊक होईल. ते रसायन ज्या वसाहतीत तयार होते तिचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशात पहिले आले. बोईसरला पहिला नंबर मिळवून देणारी ती यादी होती. तेव्हा निर्यात विभागातल्या मंडळींना एवढीच विनंती आहे की, दप्तराच्या दोन प्रती निघतच आहेत, तर तिसरी मराठीत काढून नवापूरच्या ग्रामपंचायतीला पाठवावी. त्यासाठी प्रतिनिधी नेमावा लागत नाही, आणि कुठल्या संघातून बाहेरही पडावे लागत नाही.