डायरेक्ट लाईनवाल्यास खुले पत्र

रामपायली, ता. वारासिवनी, जि. बालाघाट

गाडीत कॅमेरा बसवून देणाऱ्या महाशयांस,

'उस्ताद' म्हणून सुरुवात करणार होतो, पण पेन अडलं. ज्याच्या हातची जोडणी दहा वर्षांनी उघडली तरी त्याला मान खाली घालावी लागत नाही, त्याला आमच्याकडे उस्ताद म्हणतात. तुमची जोडणी महिना संपायच्या आत उघडावी लागली.

तुमच्या दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. वाचताना तुमचं तुम्हाला कळेल, कारण लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार तुमच्या दारात रोज उभी राहत नसणार. दिवाळीच्या आठवडाभर आधी माझा पुतण्या ती घेऊन आला होता. समोर कॅमेरा बसवा आणि गाडी कुठं आहे ते फोनवर दिसेल असा ट्रॅकर लावा, असं त्यानं सांगितलं. गाडी गावी उभी असते, महिना-महिना कुणी चालवत नाही, हेही त्यानं सांगितलं होतं. पहिल्या दोन गोष्टींचे पैसे मिळणार होते, त्या तुम्ही ऐकल्या. तिसरीचे मिळणार नव्हते.

ही गाडी माझ्या दादाची. जन्मभर स्कूटर चालवली आणि निवृत्तीनंतर जुनी का होईना, पण ही घेतली. कार्तिक पौर्णिमेला इथं चंदन नदीच्या काठी राममंदिराची जत्रा भरते. गर्दी व्हायच्या आत, पहाटे, दादा वहिनींना या गाडीत बसवून दर्शनाला न्यायचा. घरापासून देऊळ काही लांब नाही, पायीही जाता येतं. पण ते त्या दोघांचं होतं. दादा तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून पुतण्या आईला तसंच नेतो. यंदा पौर्णिमेच्या पहाटे वहिनी शाल घेऊन अंगणात उभ्या होत्या आणि गाडीचं दार उघडेना.

रिमोट दाबून काही होईना. किल्लीच्या पोटात लपवलेली लोखंडी चावी काढून कुलूप उघडलं, तर काच अडली. या गाडीच्या दाराला वरची चौकट नसते. दार उघडताना काच आधी बोटभर खाली सरकते, मगच दार सहज सुटतं, आणि ती सरकायला वीज लागते. बॅटरी पुढच्या डिकीत, आणि डिकीचं कुलूपही विजेवरचं. म्हणजे मेलेली बॅटरी बघायची तर जिवंत बॅटरी हवी. धक्का मारून चालू होईल अशी गाडी नाही, तिला ऑटोमॅटिक गिअर आहेत. वहिनी कुणाला काही बोलल्या नाहीत. चालत देवळात गेल्या.

दुपारी वारासिवनीहून आमचा जुना इलेक्ट्रिशियन आला. त्यानं काच जपत दार ओढून उघडलं, ड्रायव्हरच्या पायाजवळची फ्यूजपेटी उघडली, तिच्यातलं लाल टर्मिनल बाहेर ओढलं, ट्रॅक्टरच्या बॅटरीचा प्लस त्याला लावला, मायनस दाराच्या बिजागरीला. भोंगा किंचाळला आणि डिकी सुटली. बॅटरीवर मीटर ठेवलं तर ९ व्होल्टसुद्धा नव्हते. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, अर्धी उतरलेली १२.२ च्या आसपास. मला वाटलं, उभी राहून राहून उतरली असेल. तो म्हणाला, "उभी राहून नाही ना जी. हे झोपलीच नाही. जागून जागून मेली."

गाडी बंद केली तरी घड्याळ, कुलूप, अलार्म, किल्लीची वाट बघणारा अँटेना एवढं जागं राहतं, हे तुम्हाला माहीत असायला हवं. बाकीचे सगळे कंट्रोलर थोड्या वेळानं झोपतात. म्हणून मोजायचं तर दम धरावा लागतो. आम्ही बॅटरी रात्रभर चार्ज केली. सकाळी मायनसच्या वाटेत मीटर घातलं, डिकीचा दिवा लागू नये म्हणून तिची खिटी स्क्रूड्रायव्हरनं बंद अवस्थेत ढकलली, दारं लावली, किल्ली घरात दूर नेऊन ठेवली आणि ४० मिनिटं नुसते बसून राहिलो. इतक्या वेळानंतर ३० मिलिअँपिअर दिसायला हवे होते. मीटर २८० वर अडून बसलं. तुमच्या कॅमेऱ्याची वायर सोडवली तर ६० वर आलं. ट्रॅकर सोडवला तर ३०.

आता हिशेब करा. २८० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ६.७ अँपिअर-तास. बॅटरी ६० ची. भाऊबीजेच्या संध्याकाळी पुतण्यानं गाडी लावली आणि तो गेला. साडेचार दिवसांत अर्धी बॅटरी गेली. कार्तिकी एकादशीपर्यंत ती संपली. पौर्णिमेला तेरा दिवस होत होते. तुम्ही हात लावला नसता तर गाडीच्या स्वतःच्या ३० मिलिअँपिअरनं तेवढ्या काळात ९-१० अँपिअर-तास खाल्ले असते आणि पहाटे गाडी एका फटक्यात सुरू झाली असती.

तुमची जोडणी मी डॅशबोर्डखाली टॉर्च धरून स्वतः पाहिली. अशा कॅमेऱ्याला दोन चालू वायरी असतात, एक कायमच्या लाईनीची आणि दुसरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. दुसरीवरून कॅमेऱ्याला कळतं की गाडी थांबली, आता आपणही आवरतं घ्यावं. तुम्ही दोन्ही वायरी एकत्र पिळून डायरेक्ट लाईनीवर चढवल्या. त्या बिचाऱ्या कॅमेऱ्याला बॅटरी संपेपर्यंत वाटत राहिलं की गाडी चालू आहे. आणि तेवढे दिवस त्यानं काय टिपलं? आमच्या कोठ्याची भिंत. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की कॅमेरा तोडणारी छोटी डबीही मिळते. ती तुम्ही लावली नाही. चावीची लाईन शोधायला टेस्टर घेऊन दहा मिनिटं लागली असती. त्या दहा मिनिटांचे पैसे तुम्ही बिलात घेतले आहेत.

इथवर मी रागावलो होतो. पुढचं पाहिलं आणि घाबरलो. त्या जोडाला फ्यूज नव्हता. नुसती पिळलेली तार आणि वर काळी टेप. ती टेप उन्हानं सैल होऊन तार पत्र्याला लागली असती तर भरल्या बॅटरीनं क्षणात शेकडो अँपिअर ओतले असते. तार लाल होते, मग गालिचा पेटतो. दिवाळीनंतर आमच्याकडे धान निघतं. ज्या कोठ्यात ही गाडी उभी होती, तिथं हातभर अंतरावर तणसाचा ढीग होता. भिंतीपलीकडे वहिनी झोपतात. बॅटरी मेली म्हणून मी आज नुसता तुम्हाला पत्र लिहितो आहे.

पुतण्यानं फोन केला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "आठवड्याला पाच मिनिटं चालू करत जा, काही होत नाही." तुमच्या जोडणीनं आठवड्यात ४७ अँपिअर-तास जातात. अल्टरनेटरनं ४० अँपिअर बॅटरीत घातले असं धरलं, तरी ५ मिनिटांत साडेतीनसुद्धा भरत नाहीत. वर इंजिन थंडच राहतं, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. हा सल्ला तुम्ही आणखी किती जणांना दिला असेल याचा विचार करून मला झोप लागत नाही.

बॅटरी पुन्हा चार्ज केली की झालं, असंही नाही. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं. लगेच चार्ज केली तर ते सुटतं, तशीच ठेवली तर त्याचे कडक खडे होतात आणि तेवढी जागा कायमची जाते. १८५९ साली गास्तों प्लांते यांनी ही शिशाची बॅटरी बनवली, तेव्हापासून तिचा हा स्वभाव आहे. आमची बॅटरी एक वर्षाची होती. वारासिवनीत टेस्टर लावला, तिनं भार घेतलाच नाही. नवी घ्यावी लागली.

लांब उभ्या राहणाऱ्या गाडीचं काय करायचं, हे गुपित नाही. फेरारीसारखी कंपनी गाडीसोबत चार्जर देते, उभी असेल तेव्हा लावून ठेवा म्हणते. बॅटरी भरली की साडेतेरा व्होल्टच्या आसपास नुसती राखण करणारा चार्जर मिळतो. बॅटरी एजीएम जातीची असेल तर चार्जरवर तशी खूण निवडायची. आमच्यासारख्या गावात वीज जाऊन परत आल्यावर आपोआप सुरू होणाराच घ्यायचा. वीज नसेलच तर दहा नंबरचा पाना घेऊन मायनस सोडायचा, मात्र डिकी उघडी राहील अशी सोय करून, नाहीतर पुन्हा ट्रॅक्टरची बॅटरी. यातलं एक वाक्य तुम्ही पुतण्याला सांगितलं असतंत तर पुरलं असतं. गाडी उभी राहते, हे त्यानं होऊन सांगितलं होतं.

आता कॅमेरा चावीच्या लाईनीवर आहे, ट्रॅकर फ्यूजमधून. कोठ्यात चार्जर लागला आहे आणि तणस दुसरीकडे हलवलं आहे. झालेला खर्च मी तुमच्याकडे मागत नाही. मागतो ते हे: या वर्षात तुम्ही ज्या ज्या गाड्यांत असा जोड मारला, त्यांच्या मालकांचे फोननंबर तुमच्या बिलबुकात आहेत. त्यांना बोलवा. दोन्ही वायरी वेगळ्या करा, फ्यूज घाला, पैसे घेऊ नका. त्यातली एखादी गाडी कुणाच्या तरी म्हाताऱ्या माणसाला रात्री दवाखान्यात न्यायला उभी असेल.

तुमचा तो पिळलेला जोड टेपसकट कापून कागदात गुंडाळून ठेवला आहे. डिसेंबरात पुतण्या येईल तेव्हा त्याच्यासोबत दुकानात येतो आणि तुमच्या हातात देतो.

कळावे,
तुमच्या एका गिऱ्हाइकाचा काका