पॅन्टोप्राझोलरावांना अनावृत पत्र

श्रीमान पॅन्टोप्राझोलराव, चाळीस मिलिग्रॅमवाले, यांस,

हात जोडून नमस्कार केला असता, पण एक हात दुसऱ्या कोपराची लवण खाजवण्यात गुंतला आहे.

तुमच्या विनयाला तोड नाही. गुडघ्याची गोळी असो की तापाची, चिठ्ठीत तळाला तुम्ही असायचेच. पंधरा दिवसांसाठी आलात आणि कायमचे राहिलात. दुकानदार आता ‘पित्ताची देऊ ना?’ असं विचारतही नाही.

इसब चिघळलं तेव्हा घरात चौकशी बसली. वांगं, दही, अंडी, शेंगदाणे, नवा साबण, सगळे तडीपार झाले. तुमच्यावर कुणी संशयसुद्धा घेतला नाही. तुम्ही तर पोटाचे रखवालदार!

पण पेप्सिनला प्रथिनं तोडायला जठरातलं आम्ल लागतं, आणि तुम्ही आम्लाचे पंपच बंद करता. मग अर्धवट तुटलेली प्रथिनं आतड्यात उतरतात आणि प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू ठरवू शकते. ऑस्ट्रियात २००९ ते २०१३ मधल्या जवळजवळ अख्ख्या देशाच्या विमा-नोंदी तपासल्या. आम्ल दाबणारी औषधं घेणाऱ्यांना पुढे ॲलर्जीची औषधं लागण्याचं प्रमाण दुपटीच्या घरात निघालं. अमेरिकी लष्करी कुटुंबांतल्या पावणेआठ लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या जातभाईंशी गाठ पडलेल्या बाळांत अन्नाची ॲलर्जी दुपटीहून जास्त होती.

घाबरू नका, इसबाचा गुन्हा तुमच्यावर शाबीत झालेला नाही. नोंदींत संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, असं तुमचे वकील म्हणतील आणि ते खरंच आहे. रक्त वाहणाऱ्या अल्सरमध्ये तुम्ही जीव वाचवता, हेही मान्य.

पण तुमची निरोप घेण्याची रीत काय वर्णावी! डेन्मार्कमध्ये पोटाची काहीही तक्रार नसलेल्या माणसांना आठ आठवडे तुमचे बंधू इसोमेप्राझोल दिले. बंद केल्यावर ४४ टक्के जणांना आम्लाचा त्रास सुरू झाला. खोटी गोळी घेतलेल्यांत तो १५ टक्के होता. म्हणजे जाताना आग लावायची आणि विझवायला पुन्हा स्वतःच हजर व्हायचं. खंडणीवाल्यांनी तुमच्याकडे शिकवणी लावावी.

तेव्हा डॉक्टरांना विचारून तुमची मात्रा हळूहळू उतरवायला घेतली आहे. वांग्याची तडीपारी तूर्त रद्द.

कळावे,
आपला (अजून काही आठवडे),
एक खाजरा