बॉयलर दाखवा

संध्याकाळी नेरच्या अमरावती-यवतमाळ रस्त्यावर थोडा वेळ उभं राहिलं की एखादी तरी नटवलेली बुलेट दिसतेच. गाडी यंदाची आणि साज आजोबांच्या काळचा. टाकीवर सोनेरी रेघा, दिव्यावर टोपी, स्प्रिंगवर डुलणारी सीट, बाजूला चामड्याच्या पिशव्या. इथपर्यंत मला सगळं आवडतं. हौस आहे, हाताला काम आहे, रंगाऱ्याला चार पैसे मिळतात. माझं भांडण आहे ते मागे लावलेल्या इंदोरी सायलेन्सरशी.

तो लावणारा पोरगा सांगतो, जुन्या बुलेटचा आवाज आणला. नाही आणला, बाबा. जुन्या 350 बुलेटच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास तब्बल 90 मिलिमीटर. त्यात फ्लायव्हील जड आणि इंजिनाची चाल मंद, म्हणून एका ठोक्यानंतर दुसरा ठोका पडेपर्यंत कानाला उसंत मिळायची. तो आवाज इंजिनाच्या पोटातून यायचा आणि बाहेर पडताना सायलेन्सरमधून गाळून यायचा. आजच्या 350 चं इंजिन पूर्ण नवं आहे, तरी त्यातही पिस्टनचा प्रवास 85.8 मिलिमीटर ठेवलाय, म्हणजे व्यासापेक्षा बराच जास्त. कंपनीनं ठोका जपला आणि आपण पैसे मोजून त्याचे फटाके केले. प्रसूती झालेली बाई दवाखान्यात झोपलीय, लेकरू दचकून रडतंय, आणि रस्त्यावरून ‘वारसा’ चाललाय! मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा फेरफाराला मनाई करतं आणि पोलीस असले सायलेन्सर रोलरखाली चिरडतात. चिरडावेतच.

जुनं रूप देण्यातलं बरंवाईट मी एका प्रश्नावर ठरवतो. त्या रूपाला काही काम उरलंय का?

जावाचं बघा. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला आणि नोव्हेंबर 2018 मध्ये त्या नावाची गाडी पुन्हा बाजारात आली. टाकीची गोलाई तीच आणि दोन्ही बाजूंचे लांब सायलेन्सरही तसेच. मात्र जुनी जावा टू-स्ट्रोक होती, तर नवी फोर-स्ट्रोक आहे आणि पाण्यानं थंड होते. सिलिंडरभोवतीचे फिन तरी तिथे आहेतच. जुन्या गाडीत त्या पात्यांवरून वारा गेला नाही तर इंजिन तापून अडकायचं. नव्या गाडीत ते काम समोरचा रेडिएटर करतो आणि फिन मुख्यतः शोभेला उरलेत. गाडी देखणी आहे, हे कबूल. पण घेणाऱ्याला हा फरक ठाऊक असावा. नाहीतर तो जुन्या मिस्त्रीकडे गाडी नेईल आणि मिस्त्रीचे हात तिथे रिकामे राहतील.

याच्या उलट लूना. 1972 मध्ये पुण्याच्या फिरोदियांनी आणलेली ही 50 सीसीची गाडी आमच्या भागानं किती राबवली, ते इथल्या कोणत्याही दूधवाल्याला विचारा. सीट आणि हँडल यांच्यामध्ये सपाट मोकळी जागा. त्या जागेत दुधाचे कॅन गेले, सरकीची पोती गेली, वैरणीचे भारे गेले आणि शाळेला उशीर झालेलं पोरगंही उभं राहून गेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये विजेवरची लूना आली. पेट्रोल गेलं, पायडल गेलं, पण ती मोकळी जागा तशीच राहिली. दीडशे किलो वजन नेण्याची क्षमता कंपनी सांगते. जुनं रूप ठेवायचं ते असं! डोळ्याला ओळख पटते आणि पोतंही बसतं. या गाडीला सोनेरी रेघा मारायची कुणाला गरज वाटत नाही.

ही हौस जगभर आहे. बोटीच्या मागच्या फळीला अडकवायच्या इंजिनांचंही हेच चालतं. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडनं 1909 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत अशी इंजिनं विकायला सुरुवात केली. तेव्हा माथ्यावरचं फ्लायव्हील उघडं असायचं आणि हातानं गरकन फिरवून इंजिन सुरू करावं लागायचं. पुढे त्यावर झाकण आलं, ते हात वाचावा, आवाज दबावा आणि पाणी आत जाऊ नये म्हणून. आता लाकडी बोटींचे शौकीन नव्या इंजिनाच्या झाकणाला जुन्या छटांचा रंग देतात, जुन्या कंपन्यांची चित्रं चिकटवतात. एव्हिनरूडची इंजिनं 2020 मध्ये बनायची थांबली, नाव मात्र असं दुसऱ्याच्या झाकणावरही जगतंय. रंगवा खुशाल. फक्त हवा आत घ्यायची फट बुजवू नका. भर पाण्यात गुदमरलेलं इंजिन ढकलत आणता येत नाही.

मोटारसायकल आणि बोट ही ज्याच्या-त्याच्या पैशाची हौस. आगगाडीचं तसं नाही.

31 ऑक्टोबर 2023 रोजी गुजरातेत एकतानगर ते अहमदाबाद अशी ‘हेरिटेज’ गाडी पंतप्रधानांनी रवाना केली. इंजिन दिसायला वाफेचं आणि चालतं विजेवर. आपल्या नेरळ-माथेरानच्या रुळांवरही डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा वेष चढवला गेला. लोक फोटो काढतात, लेकरं खूश होतात. लेकरांच्या आनंदावर माझा काही राग नाही. मला सलतं ते हे की ज्या देशानं खरी वाफेची इंजिनं मोडीत काढली, त्यानंच आता पत्र्याची चिमणी बसवून त्यांची आठवण काढावी.

आमच्या जिल्ह्याला हे जास्त टोचतं, कारण आमच्याकडे शकुंतला होती. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर हा 113 किलोमीटरचा अडीच फुटी रूळ आणि मूर्तिजापूरपासून पुढे अचलपूरचा फाटा. किलिक निक्सन कंपनीनं वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे ओढायला तो टाकला. स्वातंत्र्यानंतर देशभरच्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन 1923 पासून ही गाडी ओढत होतं. 15 एप्रिल 1994 ला ते उतरवलं आणि डिझेल जोडलं. सत्तर वर्षं एका इंजिनानं काम केलं, आणि तेही शोभेचं नव्हे. त्यानं कापूस नेला, बाजाराला जाणारी माणसं नेली, माहेराला निघालेल्या बाया नेल्या. नेरला रूळ नव्हता. इथल्या माणसाला दारव्ह्याला जाऊन गाडी धरावी लागायची, आणि एसटीपेक्षा तिकीट स्वस्त म्हणून तो जायचा. काही वर्षांपूर्वी डिझेलची गाडीही थांबली. रुळांवर आता बाभळी वाढल्यात.

कुणी म्हणेल, वाफेची इंजिनं आता कोण चालवणार, सुटे भाग कुठून आणणार? आपल्याच देशात चालवतात. दार्जिलिंगला 1889 पासूनच्या घडणीची इंजिनं आजही घाट चढतात. निलगिरीच्या दातेरी रुळांसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यानं 2011 पासून नवी वाफेची इंजिनं बनवली, जुन्या स्विस घडणीची. ती नुसती वाफेच्या इंजिनासारखी दिसणारी नव्हेत. त्यांत खरा बॉयलर आहे, खरी वाफ आहे आणि ती खरा चढ चढतात. नव्या यंत्राला जुनं रूप देण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. त्यात रूप आणि काम एकाच लोखंडात ओतलेलं असतं. शिवाय बॉयलर जोडणाऱ्या आणि पितळेचे भाग घडवणाऱ्या माणसांची विद्याही जिवंत राहते. वेष चढवलेल्या इंजिनाला फक्त रंगारी आणि वेल्डर लागतो.

यवतमाळच्या वाट्याला आता ब्रॉडगेज येतेय. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. उरलेलं काम पुरं व्हावं, लवकर व्हावं. शेतकऱ्याला मालगाडी हवी आणि विद्यार्थ्याला वेळेवर पोचवणारी गाडी हवी, यात दुमत नाही. शकुंतलेचा मार्गही रुंद व्हावा, ही लोकांची जुनी मागणी आहे आणि ती न्याय्य आहे. पण या गोंधळात कधीतरी कुणाला कल्पना सुचेल की चार किलोमीटरचा तुकडा राखावा, त्यावर वाफेच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवणारं एखादं डिझेल इंजिन सोडावं आणि त्याला ‘शकुंतला हेरिटेज’ म्हणावं. फीत कापायला गर्दीही होईल.

त्या दिवशी यवतमाळकरांनी, दारव्हेकरांनी आणि आम्ही नेरकरांनी पुढे होऊन विचारावं की बॉयलर कुठे आहे. असेल तर आधी तो पेटवून दाखवा. नसेल तर गोल्डन रॉकला ऑर्डर द्या, आणि फायरमन, फिटर आमच्या जिल्ह्यातल्या आयटीआयच्या पोरांतून निवडून तिकडे शिकायला पाठवा. तिकीट असं ठेवा की कापूस वेचायला जाणारी बाई लेकराला घेऊन एकदा तरी बसू शकेल. आणि गाडी निदान दारव्ह्यापर्यंत न्या, कारण चार किलोमीटरवर कुणाचंच माहेर नसतं.