प्रोटीनपंत

पूर्वी प्रत्येक सोसायटीत तीन जाणकार असायचे. एक पाण्याच्या टाकीचा, एक शेअर बाजाराचा आणि एक पार्किंगचा. गेल्या काही वर्षांत त्यांत चौथ्याची भर पडलीय: प्रोटीनचा जाणकार. कोथरूडपासून घोडबंदर रोडपर्यंत कुठल्याही सोसायटीत शिरा, हे गृहस्थ लिफ्टपाशी भेटतातच. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी बसून करायची, पोट जुनं, बूट नवे आणि हातात सदैव हलवली जाणारी एक बाटली. आम्ही त्यांना प्रोटीनपंत म्हणतो. तोंडावर म्हटलं तरी रागावत नाहीत; त्यांना ती पदवी वाटते.

पंत आईच्या पोटी जन्माला येतात ते साधे म्हणूनच. त्यांचा दुसरा जन्म रक्ताच्या रिपोर्टातून होतो. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत ट्रायग्लिसराइड्सच्या आकड्यापुढे वर तोंड केलेला एक बाण येतो. डॉक्टर सांगतात, "वजन उतरवा, तळलेलं कमी करा, रोज चाला." यात विकत घेण्यासारखं काहीच नसल्यामुळे पंतांचं समाधान होत नाही. ते जिम लावतात. तिथला पंचविशीतला ट्रेनर त्यांना नखशिखान्त न्याहाळतो आणि म्हणतो, "सर, तुमचं प्रोटीन कमी पडतंय." आजवर साहेबांनी, सासऱ्यांनी आणि मुलाच्या वर्गशिक्षिकेनं पंतांना त्यांच्यात काय काय कमी आहे ते सांगून झालेलं असतं. पण जे कमी आहे ते डब्यात भरून दुकानात मिळतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार धडधाकट प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. पंतांचं वजन ८० किलो, म्हणजे झाले साधारण ६६ ग्रॅम. ट्रेनरनं दर किलोमागे १.६ ग्रॅम सांगितले, ते होतात १२८. दोघांपैकी मोठा आकडा सांगणारा तज्ज्ञ, असं पंतांनी ठरवून टाकलं. याच परिषदेच्या हैदराबादच्या पोषण संस्थेनं २०२४ च्या आहारविषयक सूचनांत स्नायू कमावण्यासाठी प्रोटीनची पावडर घेणं टाळा, असंही म्हटलंय. पंतांनी त्या सूचना मोबाइलवर उतरवून घेतल्या आहेत. त्या पानापर्यंत मात्र ते अजून पोचलेले नाहीत.

जिममधल्या त्या दिवसापासून पंतांना जगात पदार्थ दिसेनासे झाले, ग्रॅम दिसू लागले. लग्नात पंगतीला बसले की वरणाच्या वाटीकडे बघून "सहा-सात" म्हणतात. अंड्याला "सहा" म्हणतात. भाताला काहीच म्हणत नाहीत, मान फिरवतात. एका तेराव्याच्या जेवणात पानात वडे पडल्यावर सगळे गंभीर असताना पंत शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "उडीद आहे ना यात? छान."

एवढ्यावर थांबले असते तर पंत वैराग्याच्या वाटेला लागले असते. पण त्यांच्या मनाच्या तळाशी एक चीजबर्गर दडलेला आहे. १९९६ साली वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर मॅकडोनाल्ड्स उघडलं, तेव्हा पंत कॉलेजात होते. जगभर गोमांसाच्या बर्गरवर मोठी झालेली कंपनी इथं त्याच्याविना दुकान मांडते आहे, याचं सगळ्यांना अप्रूप होतं. पंतांना अप्रूप होतं ते गरम पॅटीवर वितळून कडेनं ओघळणाऱ्या पिवळ्या चीजचं. ते चीज तिथून ओघळलं ते अजून त्यांच्या मनातच आहे. म्हणून पंतांनी एक जीवनतत्त्व काढलं: खाणं सोडायचं नाही, खाण्याचे आकडे बदलायचे. हलका आणि प्रोटीनयुक्त चीजबर्गर घरीच करायचा.

या व्रताचा वार रविवार. सकाळी पंत चिकनच्या दुकानात उभे राहतात आणि हुकूम सोडतात, "फक्त ब्रेस्टचा खिमा. लेग नको, कातडी नको, चरबीचा कणही नको." एकदा दुकानदारानं विचारलं, "मग साहेब, चव कशाची घेणार?" पंतांनी त्याला समजावलं की १०० ग्रॅम ब्रेस्टमध्ये २२ ग्रॅम प्रथिनं असतात आणि चरबी नावापुरती. दुकानदार जन्मभर कोंबड्याच विकत आलाय. मागं लागलेल्या रांगेसाठी त्यानं ऐकून घेतलं. मग पंतांनी खिम्याचं मशीन आधी धुऊन घ्यायला लावलं, कारण आधीच्या गिऱ्हाईकाचा खिमा कातडीसकट होता.

घरी आल्यावर ओट्याचा ताबा पंतांकडे. आईंच्या भाकरीच्या तव्याला हात लावायचा नाही, हा त्या घरातला एकमेव कायदा. म्हणून पंतांनी स्वतःचा बिडाचा तवा आणलाय. तो उचलणं हाच आठवड्याचा खरा व्यायाम, असं वहिनींचं मत आहे. शेजारी डिजिटल वजनकाटा. त्यावर रिकामं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि खिमा टाकायचा. १५२ दिसले की दोन ग्रॅम चिमटीनं परत काढायचे. हिऱ्यांचे व्यापारी एवढे काटेकोर नसतील. चीज स्लाइसचं वेष्टन सोलताना मात्र एखादा कोपरा फाटून हातात येतो. तो पंत तोंडात टाकतात. काकडीची टोकं, भाजताना सुटलेला पॅटीचा कुरकुरीत तुकडा, चमच्याला लागलेला चक्का यांची वाटही तीच. उभ्यानं खाल्लेलं पंतांच्या कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमध्ये भरायची सोय नसते.

पण पंतांच्या करण्याला नावं ठेवता येणार नाहीत. ब्रेस्टचा खिमा कोरडा, तव्यावर त्याचा भुसा होतो. म्हणून पंत त्यात किसलेला कांदा घालतात, चमचाभर चक्का घालतात, आलं-लसूण, हिरवी मिरची, मिरपूड घालतात. मीठ मात्र अगदी शेवटी, पॅटी तव्यावर टाकायच्या क्षणी, वरून. मीठ आधी घालून मळलं की मांसातली प्रथिनं सुटतात, एकमेकांना चिकटतात आणि पॅटी रबरी होते. हे ज्ञान पंतांना पुस्तकातून मिळालेलं नाही. एका रविवारी हातातून निसटलेली पॅटी फरशीवर पडून पुन्हा वर आली होती, त्या दिवशी ते मिळालं.

तवा सणसणीत तापला की तेलाचं नुसतं बोट फिरवायचं. मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशेच्या घरात कॅलरी, त्यामुळे पंतांच्या घरी तेलाची बाटली कुलपात नाही एवढंच. गोळा तव्यावर टाकून वाटीच्या बुडानं दाबून पातळ करायचा. एक बाजू लाल झाली की उलटायचा, वर चीजची स्लाइस, तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब आणि लगेच झाकण. वाफेनं चीज बसल्या जागी वितळतं, लोणी लागत नाही. चिकन आत गुलाबी राहून चालत नाही, म्हणून पंतांकडे टोकदार सळईचा थर्मामीटर आहे. मधोमध ७४ अंश सेल्सियस लागले की पॅटी पास. घरात नातवाला ताप आला तर मोजायला थर्मामीटर सापडत नाही, पण पॅटीचा ताप दर रविवारी अंशा-अंशानं नोंदवला जातो, अशी आईंची तक्रार आहे.

मेयोनीजला घरात बंदी. त्याच्या एका मोठ्या चमच्यात नव्वदेक कॅलरी जातात. त्याऐवजी चक्क्यात मोहरीची पेस्ट, चिमूटभर मिरपूड आणि लिंबू. बन कोरडाच शेकायचा. मग पंत बर्गर रचतात, दोन पावलं मागं सरकतात आणि हिशेब जाहीर करतात: "चिकन ३३, चीज ४, बन ५, चक्का ३. पंचेचाळीस ग्रॅम प्रोटीन! कॅलरी साडेचारशे!" एवढ्या थाटात घरात पूर्वी फक्त दहावीचे मार्क जाहीर झाले होते.

प्रतिक्रिया दर वेळी त्याच असतात. मुलगा म्हणतो, "बाबा, फ्राइज कुठंयत?" आई एक घास खाऊन म्हणतात, "कटलेटच की रे हे. इराण्याकडे पावाबरोबर खायचो आम्ही." वहिनी काही बोलत नाहीत. त्या सिंककडे बघतात. तिथं वजनकाट्यावरचं पातेलं, किसणी, कांद्याचं ताट, चक्क्याचं फडकं, दोन वाट्या, झाकण, उलथनं आणि तो बिडाचा तवा अशी चळत असते. "बर्गर हलका झाला असेल," त्या एकदा म्हणाल्या, "पण त्यातून काढलेलं सगळं वजन इथं येऊन पडलंय."

आणि मग पंत दुसरा बर्गर करतात. स्वतःसाठी. "अहो, पुरे की," असं वहिनींनी म्हटलं तर उत्तर तयार असतं: "अगं, प्रोटीनच आहे!" इथं पंतांचं गणित संपतं आणि श्रद्धा सुरू होते. प्रथिनाच्या एका ग्रॅमला चार कॅलरी असतात, साखरेच्या आणि मैद्यातल्या पिष्टाच्या ग्रॅमलाही तेवढ्याच. चरबीच्या ग्रॅमला नऊ. प्रथिनानं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हे खरं. पण ते भरलेलं राहू दिलं तर. दोन हलके बर्गर मिळून नऊशे कॅलरी होतात. एवढ्यात हॉटेलातला एक जड बर्गर बसला असता आणि तवा दुसऱ्यानं घासला असता.

श्रावणात पंतांची खरी परीक्षा. महिनाभर घरात चिकन नाही. पहिल्या आठवड्यात ते पनीरची पॅटी करतात आणि पाकिटामागचा तक्ता वाचून खचतात, कारण साध्या पनीरमध्ये प्रथिनं जेवढी, जवळपास तेवढीच किंवा थोडी जास्तच चरबी. दुसऱ्या आठवड्यात सोयाबीनच्या वड्या येतात. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० च्या वर प्रथिनं! पंत हर्षभरित होऊन त्या भिजवतात, पिळतात, वाटतात आणि सलग चार दिवस खातात. पाचव्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर कोणी चढत नाही. आई सुचवतात, "मटकीला मोड आणलेत, उसळ करू का?" पंत हळहळून म्हणतात, "आई, त्यात कार्ब्ज येतात गं." आई विचारतात, "मग तुला आम्ही काय हवेवर वाढवला?" याचं उत्तर अ‍ॅपमध्ये सापडत नाही.

२०२५ मध्ये मॅकडोनाल्ड्सनं म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्नसंशोधन संस्थेच्या मदतीनं सोया आणि वाटाण्याच्या प्रथिनांची पाच ग्रॅमवाली स्लाइस काढली, बर्गरमध्ये वरून घालून घ्यायची. ती बातमी पंतांनी सोसायटीच्या ग्रुपवर "शेवटी बाजाराला माझ्या मागं यावंच लागलं" असं लिहून टाकली. पुढच्याच वार्षिक सभेत त्यांनी अल्पोपाहाराला समोशाऐवजी मोडाचे मूग ठेवण्याचा ठराव मांडला. अनुमोदक मिळाला नाही. समोसे आले. पंतांनी दोन खाल्ले आणि आज आपला "चीट डे" असल्याचं सचिवांना सांगून ठेवलं, इतिवृत्तात नोंद व्हावी अशा आवाजात.

यंदाच्या रिपोर्टात पंतांचा बाण थोडा खाली आला. पंत त्याचं श्रेय ४५ ग्रॅमना देतात. वहिनींचं म्हणणं वेगळं, आणि मला तेच पटतं. पूर्वी दर रविवारी बाहेरच्या बर्गरबरोबर फ्राइज आणि मोठा कोल्ड्रिंकचा ग्लास यायचा, तो बंद झाला. बर्गरपेक्षा त्याचे सोबतीच जड असतात. शिवाय पंत चिकनच्या दुकानापर्यंत चालत जातात, किसतात, दाबतात, तवा उचलतात. ज्या माणसाला लायटर कुठल्या खणात असतो हे लग्नानंतर वीस वर्षं माहीत नव्हतं, तो आज स्वतःचा एक पदार्थ स्वतः करून खातो. एका चीजबर्गरनं एवढं केलं असेल तर त्याला वजनकाट्यासकट माफ करायला हरकत नाही.

तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या पंतांनी रविवारी बोलावलं तर जरूर जा. बर्गर खरंच चांगला असतो. एकच खा, हिशेब शेवटपर्यंत ऐकून घ्या, आणि निघण्यापूर्वी चार भांडी विसळून द्या. पंतांच्या अ‍ॅपमध्ये भांड्यांची नोंद होत नाही. वहिनींच्या डोक्यात होते.