डॉक्टर नको, सुईण नको, मगे कोण होया?

ऐकलंत का? आता बाळंतपणाला डॉक्टर नको म्हणे. नर्स नको, सलाईन नको, सोनोग्राफी नको. आणि थांबा, पुढचं ऐका, सुईणसुद्धा नको! घरातली एक खोली, मंद दिवे, उदबत्तीचा वास, हवा भरून फुगवायचा टब, शेजारी नवरा आणि नवऱ्याच्या हातात मोबाईल. मोबाईल कशाला, हे विचारू नका. मूल झालं आणि रील झालं नाही, तर मूल झालं हे पाहुण्यांना कळणार कसं?

या थेराला 'फ्रीबर्थ' म्हणतात. अमेरिकेत त्याची पुस्तकं निघून तीसेक वर्षं झाली. आता पॉडकास्ट आहेत, ग्रुप आहेत आणि डॉलर मोजून घ्यायचे ऑनलाइन कोर्सही आहेत. म्हणजे निसर्ग फुकट, पण निसर्गाची माहिती क्रेडिट कार्डावर. हे वारं मुंबईला पोचलं, तसं चतुर्थीच्या गर्दीतून चाकरमान्यांबरोबर मालवणातही आलं. सुनांच्या फोनवरचे व्हिडिओ पडवीत सासवांनी बघितले आणि आरतीपेक्षा मोठा गजर झाला.

सगळ्यात जास्त गाजला तो समुद्रातला. 2022 साली जगभर फिरलेला हा व्हिडिओ आठवत असेल: निकाराग्वाच्या किनाऱ्यावर एक जर्मन बाई प्रशांत महासागराच्या लाटांत बसून बाळंत झाली. डॉक्टर नाही, कोणी नाही. जोडीदार होता, पंचे होते, आणि वार झेलायला चाळणीचं भांडं होतं म्हणे. तारकर्लीला आम्ही समुद्रात माणसं बुडवून स्कूबा करायला लावतो, पैसे घेऊन मासे दाखवतो, तोवर ठीक. पण हे? दांडीकडच्या एका काकीने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अगो बाये! दर्यात? उद्या रापण वडली तर बांगडे गावतले काय पोर, ह्याचो नेम नाय!"

तेवढ्यात कोणीतरी 'लोटस बर्थ' काढलं. यात बाळाची नाळ कापायचीच नाही. वार तशीच बाळाला जोडलेली ठेवायची, मीठ आणि सुकी पानं लावून पिशवीत घालायची, आणि नाळ आपसूक गळेपर्यंत चार-आठ दिवस बाळाबरोबर ती पिशवीही उचलून फिरायचं. मीठ म्हटल्यावर मालवणी माणूस कान टवकारणारच. "मीठ लावन ठेवतत? म्हणजे सुक्या बांगड्यासारखी?" असा प्रश्न आला आणि पडवीतल्या निम्म्या बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. आपल्याकडे वार रीतसर खड्डा करून पुरतात, वर दगड ठेवतात. कुत्र्यामांजराने उकरू नये एवढी साधी अक्कल त्यामागे आहे.

आता खरी गंमत ऐका. या प्रकाराने सगळ्यात जास्त बिथरल्या त्या कोण? डॉक्टरीणबाई नव्हेत. ज्यांची चार-चार, पाच-पाच पोरं घरातच झाली त्या ऐंशीच्या पुढच्या आज्या! रीलमधली मुलगी 'आपल्या आजीसारखं' बाळंत व्हायचं म्हणत होती आणि इथे खरोखरची आजी तिच्यावर उखडली होती. "माका चार पोरा घरात झाली. पण एकटी होतंय काय मी? सुईण होती. सासू होती. शेजारीण पाणी तापवक होती. भायर पडवीत म्हातारो माळ जपत होतो. अगो, गाय इयाक झाली तरी रातभर कंदील घेवन कोणतरी गोठ्यात बसता. आणि ह्या बायलेक म्हणे कोण नको!"

मुद्दा बिनतोड आहे. कोकणातलं घरचं बाळंतपण म्हणजे माणसांची वर्दळ होती. काळोखी बाळंतखोली, शेगडी, धुरी, ओवा, बाळंतशेपा, काढे, आणि सगळ्यावर हुकूम चालवणारी सुईण. पोटाला हात लावून मूल आडवं आहे की सरळ हे ती सांगायची. वार पडेपर्यंत हलायची नाही. पुढे कित्येक दिवस बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायला यायची. साडीचोळी, नारळ, तांदूळ घेऊन तिचा मान व्हायचा. हे सगळं वजा करून उरलेल्या रिकाम्या खोलीला 'परंपरा' म्हणायला परंपरेचा पत्ता तरी ठाऊक असायला हवा.

आणि त्या सुईणीलाही मर्यादा होत्या, हे त्याच आज्या सांगतात. मूल पायाकडून आलं आणि वाचलं, तर ते 'पायाळू' म्हणून आयुष्यभर भाव खाऊन जायचं. दुखऱ्या कमरेला त्याची लाथ हवी, विहिरीचं पाणी शोधायला तोच हवा. इतका मान का? तर तसं येऊन सुखरूप राहणं हीच मोठी गोष्ट होती. जी राहिली नाहीत त्यांची कथा कोणी सांगत बसलं नाही. पाचवी-सहावीला रात्रभर जागून सटवाईची पूजा करायची, तेव्हा ती बाळाच्या भाळी नशीब लिहिते. नवजात बाळाला धनुर्वात होतो तो बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपासच. कोयत्याने कापलेली नाळ, तिला फासलेली राख, आणि मग सटवाईची भीती, यांची तारीख इतकी जवळ का, ते समजायला पंचांग लागत नाही. गरोदरपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं आणि नाळेला स्वच्छ ब्लेड एवढ्यावर हे संकट हटलं. माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन भारताने केल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. सटवाईचं काम तेव्हापासून पुष्कळ हलकं झालं असणार.

"मगे तुमी घरात कित्याक झालात?" असं एका नातसुनेने विचारलंच. आजीचं उत्तर रोखठोक: "दवाखानो जवळ नाय होतो म्हणान. असतो तर चालत गेलंय असतंय." आणि सगळा देश तसाच चालत गेला. 2005-06 मध्ये देशात शंभरातली साधारण 39 बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ती जवळपास 89 झाली. महाराष्ट्रात तर 94.7 टक्के. राज्यात लाख जिवंत जन्मांमागे 2001-03 मध्ये 149 माता दगावत होत्या, 2018-20 मध्ये 33. या आकड्यात रक्त आहे, औषधं आहेत, रस्ते आहेत, रात्री-अपरात्री घर गाठणाऱ्या आशाताई आहेत. मंद दिवे आणि उदबत्ती मात्र कुठे सापडत नाही.

मराठी बाईला तर हा धडा फार आधी मिळाला होता. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि वैद्यकीय मदतीवाचून मूल दहा दिवसांत गेलं. तेव्हा त्यांनी 'निसर्गाची इच्छा' असं म्हणून व्हिडिओ केला नाही. सातासमुद्रापलीकडे जाऊन 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाला विषयही प्रसूतिशास्त्राचाच घेतला. जवळपास दीडशे वर्षांपूर्वी जे मिळवायला ती बाई बोटीत बसली, ते आम्ही आता टबात बसून नाकारणार!

थट्टा पुरे वाटेल असाही भाग यात आहे. जुलै 2018 मध्ये तमिळनाडूत तिरुप्पूरला एक शिक्षिका घरी, यूट्यूबवरचे व्हिडिओ बघत बाळंत झाली आणि अतिरक्तस्रावाने गेली. त्यानंतर काही दिवसांतच 'औषधाविना घरी बाळंतपण' शिकवण्याची जाहिरात करणाऱ्या कोइम्बतूरच्या एका स्वयंघोषित हीलरला अटक झाली. झालं, धडा मिळाला, असं वाटलं? नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईजवळच्या एका जोडप्याने तिसरं मूल घरीच जन्माला घातलं, सल्ला हजाराच्या वर सदस्य असलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा! एप्रिल 2025 मध्ये केरळात मलप्पुरमला पाचव्या खेपेला घरी बाळंत झालेली बाई रक्तस्रावाने दगावली. केरळ, जिथे मातामृत्यू देशात सगळ्यात कमी म्हणून आपण उदाहरण देतो! त्या व्हॉट्सअॅप ग्रुपातल्या हजार जणांपैकी रक्त द्यायला किती धावतील, हे ज्याने त्याने आपल्या ग्रुपवर विचारून बघावं.

रक्तस्राव घड्याळ बघून येत नाही. सगळं उत्तम झालं, बाळ रडलं, पेढे आणायला माणूस निघाला, आणि मग सुरू होतो. तो टाळायला ऑक्सिटोसिनचं एक इंजेक्शन बाळ जन्मल्यावर लगेच देतात. दर दहा बाळांत एकाला पहिला श्वास घ्यायला थोडीफार मदत लागते, आणि ती पहिल्या मिनिटातच लागते. तेवढ्यात नवऱ्याला मोबाईल खाली ठेवून काय करायचं हे सुचेल का?

बरं, आपल्या जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, प्रकरण वाढलं तर ओरोसचं जिल्ह्याचं रुग्णालय, त्याहून वाढलं तर सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य: "बांबोळीक न्हेवा." म्हणजे राज्याची हद्द ओलांडून गोवा मेडिकल कॉलेज. आषाढातली रात्र, रस्त्यावर पडलेलं झाड, गेलेली लाईट, नसलेली रेंज. मे 2021 मध्ये तौक्ते वादळानंतर इथल्या वाड्या दिवसच्या दिवस अंधारात होत्या, ते विसरलात? आधीच दवाखान्यात असलेल्या बाईला पुढे हलवताना इथे घाम फुटतो. घरात दार लावून बसलेलीला हलवायचं ठरवेपर्यंत निम्मी रात्र जाते.

"पण युरोपात घरी बाळंत होतातच की!" हे ब्रह्मास्त्र पुण्याच्या भाचीने सोडलं. होतात. नेदरलँड्समध्ये होतात, इंग्लंडमध्येही होतात. फक्त तिथे दारात शिकलेली, परवानाधारक मिडवाइफ उभी असते, तिच्या पिशवीत औषधं असतात, आणि जोखीम असलेल्या बाईला ती दवाखान्यातच जायचा सल्ला देते. एवढं करूनही इंग्लंडच्या 2011 च्या मोठ्या पाहणीत घरी बाळंत व्हायला निघालेल्या पहिलटकरणींपैकी साधारण 45 टक्के जणींना दवाखान्यात हलवावं लागलं. ते घरचं बाळंतपण आहे. हा टब आणि मोबाईल म्हणजे निव्वळ धाडस आहे, तेही दुसऱ्याच्या जिवावर, कारण त्या बाळाला कोणी विचारलेलं नसतं.

भाचीला हसणाऱ्यांनीही फार हसू नये. त्याच पडवीत दुसरी एक मंडळी होती, भटजींकडून मुहूर्त काढून सिझेरियनची तारीख मागणारी. 22 जानेवारी 2024 ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा होती, त्याच दिवशी सिझर करून बाळ हवं म्हणून देशात ठिकठिकाणी डॉक्टरांकडे विनवण्या झाल्या. एकीला डॉक्टर अजिबात नको, दुसरीला डॉक्टर हवा पण पंचांगाप्रमाणे. दोघींच्या नवऱ्यांच्या हातात मोबाईल मात्र एकाच कंपनीचा.

आणि आता जरा आवाज खाली करून एक गोष्ट. हे खूळ हवेतून आलेलं नाही. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणं, "तेव्हा नाही का कळलं?" असले घाण टोमणे, मांडीवर चापट, सोबत आईला उभं राहू न देणं, काय टोचलं आणि का कापलं याचा शब्द न सांगणं, हे कितीतरी बायकांनी सोसलंय. त्यातच बिलाची भीती. 2019-21 च्या त्याच पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, आणि खासगीत 47.4 टक्के. बायकांची शरीरं सरकारी फाटकातून खासगी फाटकात गेल्यावर अशी काय बदलतात? पोरींनी संशय घेतला तर त्यांचं चुकलं कुठे?

संशय बरोबर, उपाय साफ चुकीचा. चांगला उपाय कागदावर तयार आहे. प्रसूतिकक्षात आदराने वागवावं म्हणून केंद्राने 2017 मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम काढला. कळा देताना आपलं माणूस सोबत असावं हे धोरण त्याच्या आधीच आलंय. 2018 मध्ये परिचारिकांना तज्ज्ञ मिडवाइफ म्हणून तयार करायचं ठरलं, म्हणजे आपली सुईणच, पण शिकून, हातमोजे घालून परत येणार. कागदावरचं खोलीत आणायला आमदार-जिल्हा परिषदेच्या मागे लागावं लागतं, ते रील बनवण्यापेक्षा कंटाळवाणं काम आहे हे मान्य.

तेव्हा पडवीचा निवाडा असा. घर प्रिय असेल तर पाचवी, बारसं, धुरी, अळिवाचे लाडू, तेलपाणी सगळं घरी करा, रीलही करा. बाळ मात्र दवाखान्यात होऊ द्या. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. सातव्या महिन्यातच आशाताईला विचारून ठेवा की कुठे जायचं, रक्तगट कोणाचा जुळतो, आणि पावसात गाडी कुठवर येते. डॉक्टरला तोंडावर विचारा, सिझर कशासाठी? उत्तर नीट मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. 102 आणि 108 हे दोन नंबर नवऱ्याच्या मोबाईलमध्ये आजच टाका. त्या मोबाईलचा बाळंतपणात तेवढाच उपयोग आहे.